शूल्य, शेगडी आणि लालबागचा मुदपाकखाना

(१)

इंदूरच्या लालबाग राजवाड्याविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा त्याच्या दर्शनी वैभवाविषयी असते. द्वितीय तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, इ. स. १८८६ च्या सुमारास, या वास्तूच्या कामास आरंभ झाला. शिवाजीरावांच्या काळात ते चालू राहिले आणि तृतीय तुकोजीरावांच्या अमदानीत १९२१ मध्ये ते पूर्णत्वास गेले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून आणलेले लोखंडी प्रवेशद्वार, इटालियन संगमरवराचे स्तंभ, झुंबरे, रंगीत काचा आणि ग्रीक पुराणकथांवरील चित्रे ही सारी पाहून प्रेक्षक परततो. खान नदीच्या काठी उभ्या असलेल्या या वाड्याचा मुदपाकखाना मात्र वाड्यात नाही. तो नदीच्या पैलतीरी बांधलेला होता आणि भुयारी मार्गाने वाड्याशी जोडलेला होता. शिजलेले अन्न त्या भुयारातून भोजनगृहात येत असे.

या एका गोष्टीत बरेच काही सामावलेले आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. भोजनगृहात अन्न असावे, पण ज्या अग्नीवर ते सिद्ध झाले त्याचा धूर, वास, धग आणि राख यांपैकी काहीही तेथे पोहोचू नये, ही दृष्टी त्या रचनेमागे असली पाहिजे. युरोपातील मोठ्या घरांतही पाकगृह दूर ठेवण्याची प्रथा होतीच. तेव्हा होळकरांनी काही विपरीत केले असे नव्हे. तथापि अग्नी नदीपलीकडे गेला म्हणजे त्याच्याबरोबर अग्नीची भाषाही नदीपलीकडे जाते. जो निखाऱ्याजवळ बसत नाही त्याला निखाऱ्याच्या अवस्थांची नावे लागत नाहीत. आज लालबागेचेच नव्हे, तर आपल्या प्रत्येकाचे घर या अर्थाने लालबाग झाले आहे. चूल गेली, शेगडी गेली, आणि निखाऱ्यावर भाजण्याची हौस मात्र ‘बार्बेक्यू’ या परभाषेतील नावाने, जणू ती नवीनच विद्या असावी अशा थाटात, परत आली आहे. ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे, तिची साधने व तंत्रे कोणती, आणि तिच्या शब्दांपैकी आपल्या हाती काय उरले आहे, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

(२)

निखाऱ्यावर मांस भाजण्याच्या क्रियेस संस्कृतात स्वतंत्र शब्द होता, इतकेच नव्हे तर तिच्यासाठी व्याकरणाला स्वतंत्र नियम करावा लागला होता. पाणिनीने शूल आणि उखा या दोन शब्दांना एकच प्रत्यय सांगून, शुळावर संस्कारलेले ते ‘शूल्य’ आणि उखेत, म्हणजे हंडीत, शिजविलेले ते ‘उख्य’ अशी दोन रूपे सिद्ध केली आहेत. शिजविण्याच्याच अर्थी ‘शूलाकरोति’ हे क्रियापद साधण्याचा नियम त्याने आणखी एका ठिकाणी दिला आहे. वैयाकरण जो शब्द लोकांच्या तोंडी ऐकतो त्याचीच व्यवस्था लावतो. पाणिनीच्या काळी शूल्य आणि उख्य हा भेद सामान्य व्यवहारातील होता, असेच यावरून म्हणावे लागते. आजच्या पाकशास्त्रात कोरड्या उष्णतेचा आणि पाण्यातील उष्णतेचा जो मूलभूत भेद सांगतात, तो नेमका हाच होय.

अमरकोशात वैश्यवर्गामध्ये हा भेद जसाच्या तसा आढळतो. तेथे शूलाकृत, भटित्र आणि शूल्य हे तीन शब्द एकार्थी दिले असून त्यांच्या शेजारीच हंडीतल्या पदार्थासाठी उख्य आणि पैठर हे शब्द दिले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मांसाचे संस्कारभेद सांगताना भर्जित, कंदुपाचित, प्रतप्त, प्रदिग्ध, शूल्य अशी नावे येतात. लहान शुळावर ओवून निखाऱ्यांवर पक्व केलेले मांस किंचित अधिक जड असते, असा अभिप्रायही तेथे नोंदविला आहे. यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वैद्याने ‘अग्नी’ न म्हणता ‘अंगार’ म्हटले आहे. ज्वाळा नव्हे, निखारा. या विद्येचा पहिला धडा त्या एका शब्दात आहे. त्याकडे पुढे वळू.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’, अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणी’. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा हा शंभर अध्यायांचा कोशवजा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादून तीन खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये बाहेर पडला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो मुख्यतः त्यातील ओवीच्या उल्लेखामुळे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे सोमेश्वराने संगीताच्या प्रकरणात नमूद केले आहे. ज्या राजाच्या कानांनी मराठी उखळाजवळची ओवी टिपली, त्याच्याच जिभेने आणि नाकाने दख्खनच्या पाकगृहातील निखाराही टिपला आहे. परंतु त्या अन्नभोगाच्या अध्यायाकडे आपल्या साहित्याभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे.

अन्नभोगात सोमेश्वर केवळ पदार्थांची नावे देऊन थांबत नाही. तो कृती सांगतो. रानडुकराचे केस काढण्यासाठी वर वस्त्र घालून कढत पाणी ओतावे किंवा गवताच्या आगीत ते जाळावेत, हे तो सांगतो. यकृताचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून पुढे ते दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात घालण्याची कृती देतो. शुळावर ओवून भाजलेल्या मांसास तो ‘भडित्रक’ म्हणतो. राजाने, तेही संस्कृत श्लोकांत, तुकड्यांचा आकार सुपारीने मोजावा, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. तुकडे सारख्या आकाराचे नसतील तर काही करपतात आणि काही कच्चे राहतात, हे ज्याने शेगडीजवळ उभे राहून पाहिले आहे त्यालाच असे माप सुचते. कल्याणीच्या राजवाड्यात राजा आणि निखारा यांच्यामध्ये नदी नव्हती, असेच म्हणावेसे वाटते.

(३)

आता या शब्दांचे मराठीत काय झाले ते पाहू. ‘शूल’ हा शब्द मराठीत ‘सूळ’ होऊन आला. पण त्याचा पाकगृहातील अर्थ वाटेतच गळून पडला. सुळावर देणे ही शिक्षा राहिली, पोटशूळ ही व्यथा राहिली, डोंगराचा सुळका राहिला. शुळावरचे रुचकर भोजन तेवढे विस्मरणात गेले. स्वयंपाकातील त्याची जागा ‘सळई’ने घेतली. सळई म्हणजे मूळची शलाका.

‘भटित्र’ या शब्दाची कहाणी अधिक कुतूहलजनक आहे. दोन स्वरांमधील ‘ट’चा प्राकृतात ‘ड’ होतो, जसे घटाचा घडा. ‘त्र’चा ‘त्त’ होऊन पुढे मागचा स्वर दीर्घ होतो व एकच ‘त’ उरतो, जसे पुत्राचा पुत्त आणि पुत्ताचा पूत. या नियमांनी भटित्राचे ‘भडित्त’ व पुढे ‘भडीत’ असे रूप होणे क्रमप्राप्त आहे. सोमेश्वराने संस्कृत लिहीत असतानाही ‘ट’ऐवजी ‘ड’ असलेले रूप वापरले, यावरून बाराव्या शतकातील दख्खनी उच्चारात हा बदल झालेला होता असे दिसते. या ‘भडीत’ रूपाशेजारी आपला ‘भरीत’ हा शब्द ठेवून पाहावा. भरीत हा शब्द सामान्यतः ‘भृ’ धातूकडे, म्हणजे भरण्याच्या किंवा मिसळण्याच्या अर्थाकडे नेला जातो. परंतु भरिताचे खरे लक्षण मिसळणे हे नव्हे. वांगे शिजवून दह्यात कालवले तर त्यास कोणी जाणता मनुष्य भरीत म्हणणार नाही. ते विस्तवावर भाजलेलेच असावे लागते. अर्थाच्या बाजूने भरीत हे भटित्राचेच अपत्य शोभते. ‘ड’चा ‘र’ होण्याचा अखेरचा टप्पा मात्र पुराव्याने बळकट करावा लागेल. भृ धातूपासून आलेल्या शब्दाच्या सान्निध्याने तो झाला असण्याचा संभव आहे. म्हणून ही व्युत्पत्ती सिद्धान्त म्हणून नव्हे, तर सूचना म्हणून विद्वानांपुढे ठेवीत आहे. ती टिकली तर असे म्हणता येईल की, राजाच्या शुळावरील मांस गेले आणि त्याचे नाव शेतकऱ्याच्या वांग्याला मिळाले. नाव बदलले नाही, कारण क्रिया बदलली नव्हती.

(४)

इंदूरपासून मांडूचा गड फार दूर नाही. एका दिवसात जाऊन परत येता येते. त्या गडावर पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्याचा सुलतान गियासुद्दीन (इ. स. १४६९ ते १५००) राज्य करीत होता. त्याच्यासाठी सिद्ध झालेला आणि त्याचा पुत्र नासिरुद्दीन याच्या काळात पूर्ण झालेला ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. फारसी लिपीतील या ग्रंथात कबाब आणि सीख आहेत, तशीच खिचडी, वडे आणि भातही आहेत. शिकारीस निघताना बरोबर काय घ्यावे याचीही त्यात सूचना आहे. माळव्याच्या भूमीवर इराणी सळई आणि देशी चूल यांचा संसार होळकर येण्यापूर्वी सुमारे अडीचशे वर्षे थाटला गेला होता, हे यावरून ध्यानात येते.

कबाब व सीख हे शब्द या मार्गाने आपल्याकडे आले. त्यांच्याबरोबर आणखी एक शब्द आला, तो या लेखाच्या मथळ्यातच आहे. ‘मुदपाक’ हा शब्द ऐकताच त्यातील ‘पाक’ संस्कृत आहे असे वाटते. वस्तुतः अरबी ‘मत्बख’, म्हणजे स्वयंपाकघर, हा त्याचा मूळ शब्द होय. मराठी कानाला त्या ‘बख’मध्ये पाक ऐकू आला आणि त्याने शब्दाचे शेपूट बदलून त्यास घरचे रूप दिले. परका शब्द आला तर त्यास आपल्या उच्चारात व अर्थात रुजवून घेण्याची ही शक्ती ज्या भाषेत आहे, तिने नव्या शब्दांना भिण्याचे कारण नाही. भिण्याचे कारण वेगळेच आहे. जुने शब्द जाऊन त्यांच्या जागी काहीच न येणे, हे ते कारण होय.

‘बार्बेक्यू’ या शब्दाचा उगमही असाच साधा आहे. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ हा शब्द उचलला. त्याचा अर्थ खुंटांवर बांधलेली काठ्यांची मांडणी एवढाच होता. ‘ग्रिल’ हा शब्द लॅटिनमधील विणलेल्या जाळीच्या नावापासून आला. म्हणजे माच आणि जाळी. आपल्या कोणत्याही खेडुताला समजेल अशा या दोन वस्तू आहेत.

(५)

साधनांचा विचार करताना प्रथम शेगडीचा मान आहे. अमरकोशात शेगडीस अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती आणि हसनी अशी नावे दिली आहेत. शकटी म्हणजे लहान गाडी, आणि अंगारशकटी म्हणजे निखाऱ्यांची गाडी. ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या नावात जी मातीची गाडी आहे तीच ही शकटी. शकटीची ‘सगडी’ झाली, आणि मराठीत ‘शेगडी’, गुजरातीत ‘सगडी’, माळव्याच्या हिंदीत ‘सिगडी’ अशी तिची रूपे नांदू लागली. गॅसच्या उपकरणासही आपण शेगडीच म्हणतो. त्यात ना निखारा आहे ना गाडी, तरी शब्द टिकला हे सुदैव होय. ‘हसंती’, म्हणजे हसणारी, हे नाव मात्र हरवले. वारा लागताच निखारे राखेतून लालबुंद होऊन जे फुलतात, ते ज्याने पाहिले त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

शेगडीच्या खालोखाल जाळी आणि सळई. जाळी मांडताना तिच्यात आणि निखाऱ्यात चार ते सहा बोटांचे अंतर असावे. सळई लोखंडाची असेल तर ती स्वतः तापून तुकड्याच्या आतूनही उष्णता देते. ही तिची खरी उपयुक्तता. ती गोल असण्यापेक्षा चपटी किंवा चौकोनी असावी. गोल सळईवर तुकडा नुसताच फिरतो, सळई वळविली तरी त्याची तीच बाजू निखाऱ्याकडे राहते. खिम्यासाठी तर रुंद पात्याची सळई अवश्य. बांबूच्या काड्या वापरावयाच्या असतील तर त्या अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवाव्यात, म्हणजे त्या लवकर पेट घेत नाहीत.

यानंतर हातची साधने येतात: निखारा उचलण्यास व पदार्थ उलटण्यास लांब चिमटा, भांडे धरण्यास सांडशी, विस्तव फुलविण्यास फुंकणी किंवा विंझणा, तूप वा तेल लावण्यास दांडीला बांधलेला फडक्याचा बोळा, आणि राख ओढण्यास लोखंडी पळी. बाजारात आज या साधनांचे जे संच मिळतात त्यांत याहून निराळे फारसे काही नसते. आपल्या आजीच्या चुलीजवळ ही सर्व होती; ती एका पेटीत घालून विकण्याची कल्पना तिला सुचली नाही, एवढेच.

(६)

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. तो विस्तव पेटवितो आणि ज्वाळा दिसताच त्यावर पदार्थ ठेवतो. ज्वाळा पदार्थाला काजळी देते, बाहेरून जाळते आणि आतून कच्चा ठेवते. सुश्रुताचा ‘अंगार’ येथे आठवावा. कोळसा पेटल्यावर ज्वाळा शमू द्याव्यात आणि निखाऱ्यांवर करड्या राखेची पातळ साय धरेपर्यंत थांबावे. त्यास बहुधा अर्धा तास लागतो. साय धरलेला निखारा मंद दिसतो, पण तो मंद नसतो. आपल्या म्हणीने हे कधीच सांगून ठेवले आहे. आगीतून निघून फुफाट्यात पडणे, असे आपण म्हणतो. फुफाटा म्हणजे तप्त राख. दिसणाऱ्या आगीहून न दिसणारी धग अधिक भाजते, हे निरीक्षण ज्याने प्रथम केले तो तत्त्वज्ञ नसून रताळी भाजणारा कोणी असावा.

धग मोजण्यास उपकरण लागत नाही. निखाऱ्यांवर एक वीतभर उंचीवर तळहात धरावा आणि आकडे मोजावेत. दोन-तीन मोजताच हात ओढावा लागला तर आच प्रखर. पाच-सहापर्यंत धरवला तर मध्यम. आठ-दहापर्यंत धरवला तर मंद. पातळ तुकड्यांना प्रखर, जाड तुकड्यांना व कणसांना मध्यम, आणि अखंड कोंबडीसारख्या पदार्थास प्रथम प्रखर व नंतर मंद आच योग्य. यासाठी निखारे सर्वत्र सारखे न पसरता एका बाजूस दाट व दुसऱ्या बाजूस विरळ मांडावेत. ही युक्तीदेखील नवी नव्हे. आपल्या चुलीला वैल असे ती याचसाठी. मुख्य तोंडावर भाकरी आणि वैलावर आमटी. एकाच विस्तवाच्या दोन आचा वापरण्याचे ज्ञान प्रत्येक मराठी घरात मातीने लिंपून ठेवलेले होते.

स्निग्ध पदार्थ भाजताना वितळलेली चरबी निखाऱ्यावर पडून एकाएकी ज्वाळा उठते. अशा वेळी पाणी मारू नये. राख उडते आणि वाफेने हात भाजतो. पदार्थ विरळ बाजूस सरकवावा, ज्वाळा आपोआप शमते. पदार्थ जाळीस चिकटला तर ओढू नये. खालची बाजू नीट भाजली गेली की तो बहुधा स्वतःच सुटतो. भाजून झाल्यावर जाड तुकडा लगेच कापू नये. थोडा वेळ तसाच राहू दिला म्हणजे त्यातील रस बाहेर वाहून जात नाही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि ठेवू नये. कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्यास वासही नसतो, आणि थंडीच्या रात्री बंद दाराआड शेगडी घेऊन निजणाऱ्यांचे प्राण त्याने घेतले आहेत. अमराची हसंती उघड्यावरच हसू द्यावी.

या सर्व कृतींपेक्षाही शिकण्याजोगी आहे ती भाषेने केलेली अवस्थांची वर्गवारी. शेकणे म्हणजे लांबून ऊब देणे; भाजणे म्हणजे कोरड्या उष्णतेने पक्व करणे; खरपूस होणे म्हणजे तांबूस रंग व सुगंध येणे; करपणे म्हणजे त्यापुढे एक पाऊल जाणे; आणि होरपळणे म्हणजे आतून तयार होण्याआधीच बाहेरून ज्वाळेने ग्रासले जाणे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याने प्रथिने व शर्करा यांच्या तांबूस होण्याची प्रक्रिया १९१२ मध्ये वर्णिली. ‘खरपूस’ या एका शब्दात आपल्या बायकांनी तिचा परिणाम त्याच्या पुष्कळ आधी बांधून ठेवला होता. खरपूस आणि करपट यांच्यामध्ये जी काही क्षणांची सीमारेषा आहे, तिच्यावरच या विद्येचे सारे कौशल्य उभे आहे.

(७)

राजवाड्यांची ही कथा झाली. पण निखाऱ्याची खरी परंपरा शिवारात टिकली. सोलापूर, नगर आणि मराठवाड्याच्या ज्वारीच्या शिवारात हिवाळ्यात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसे भाजून, ती हातावर चोळून हुरडा काढतात. रायगड जिल्ह्यात त्याच सुमारास पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भरून ते उपडे घालतात आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवितात. विदर्भात गोवऱ्यांच्या आहारात रोडगे भाजतात आणि पळसाच्या पानात पानगे. खानदेशात वांगी भाजावयाची ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या प्रत्येक ठिकाणी इंधन त्या त्या भूमीचे आहे, आणि चवही त्या इंधनाची आहे.

खानदेश ओलांडून सातपुडा आणि नर्मदा पार केली की माळव्यात बाफले भेटतात. कणकेचे गोळे प्रथम पाण्यात उकडून मग गोवऱ्यांवर भाजावयाचे आणि तुपात बुडवून वरणाबरोबर खावयाचे, हा त्यांचा क्रम. नावातच बाफ, म्हणजे वाफ, असावी असे दिसते. बाटी आणि बाफले यांतील भेद हाच की बाटी उकडलेली नसते. पाणिनीने जे दोन मार्ग वेगळे केले होते, उखेचा आणि निखाऱ्याचा, ते माळव्याच्या शेतकऱ्याने एका गोळ्यात एकत्र आणले. इंदूरच्या मराठी घरांनी हे बाफले आपलेसे केले आहेत. त्यामुळे उघड्या माळावर गोवऱ्यांच्या राशीभोवती चिमटा घेऊन बसलेले मराठी कुटुंब हे दृश्य तेथे मुळीच नवलाचे नाही. लालबागच्या भुयारातून जे कधी आत आले नाही, ते येथे उघड्यावर आहे.

(८)

आता या विवेचनाचे प्रयोजन. तंजावरच्या मराठी राज्यात दुसरे सरफोजीराजे (इ. स. १७९८ ते १८३२) यांच्या काळात मुदपाकखान्यातील कृती मराठीत लिहून ठेवल्या गेल्या. त्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आणि ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने प्रसिद्धही झाल्या. मराठी मुलखापासून इतक्या दूर, तमिळ भाषेच्या मध्यभागी, मराठी पाकगृहाने आपली भाषा कागदावर ठेवली. इंदूरच्या होळकर घराण्यातील शिवाजीराव व शालिनीदेवी यांनी १९७५ मध्ये राजघराण्यांच्या पाककृतींचा एक संग्रह प्रसिद्ध केला, तो इंग्रजीत. त्या ग्रंथाबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे, कारण जे लिहिले गेले ते वाचले. परंतु लालबागच्या पैलतीरावरील पाकगृहात ज्या मराठी आणि माळवी शब्दांत आज्ञा दिल्या जात असतील, ते शब्द इंग्रजी ग्रंथातून परत मिळावयाचे नाहीत.

इंदूरने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरविली. त्या नगरीला मराठीचे प्रेम शिकविण्याची आवश्यकता नाही. प्रश्न इंदूरचा नाहीच. तो आपल्या वर्गांचा आहे. आज शाळेतील मुलाला आगीतून फुफाट्यात हा वाक्प्रचार अर्थासह पाठ असतो, पण फुफाटा त्याने पाहिलेला नसतो. इंगळ हा शब्द अंगारापासून आला हे शिक्षक फळ्यावर लिहितो, आणि इंगळ व निखारा यांची जागा मात्र एका ‘कोळसा’ या शब्दाने घेतलेली असते. पाहिलेली वस्तू नसेल तर शब्द हा केवळ उच्चार राहतो, आणि नुसता उच्चार फार दिवस टिकत नाही.

उपाय मोठा नाही. हिवाळ्यात एखाद्या दिवशी शाळेच्या आवारात शेगडी पेटवावी. वांगी, कणसे, रताळी आणि कांदे आणावेत. जेथे चालते तेथे सळईवर मांसही ओवावे. मुलांना निखाऱ्यावर साय धरताना पाहू द्यावी, वीतभर उंचीवर हात धरून आकडे मोजू द्यावेत, आणि खरपूस व करपट यांतील अंतर जिभेने ठरवू द्यावे. मग त्यांच्या घरी या वस्तूंना काय म्हणतात ते आजी-आजोबांना विचारून लिहून आणण्यास सांगावे. विदर्भाचा शब्द निराळा निघेल, कोकणाचा निराळा, इंदूर-बडोद्याचा आणखी निराळा. अशा वह्या दहा-वीस शाळांतून जमल्या तरी कोशकारांना न मिळालेले शब्द त्यांत सापडतील, आणि कदाचित भडित्र व भरीत यांमधील तुटलेला दुवाही त्यांतच कोठेतरी असेल.

लालबागचे भुयार धूर अडविण्यासाठी बांधले गेले असावे. आपण बांधलेल्या भुयाराने धुराबरोबर शब्दही अडविले आहेत. राखेखालचा निखारा अजून विझलेला नाही. त्यास फुंकणी लावणारा कोणी हवा आहे, आणि ते काम शिक्षकाहून अधिक योग्य माणसाच्या हाती देता येईल असे वाटत नाही.